पैऱ्यानं करायचं काम

कोल्हापुरात मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. राजारामपुरीतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. पुढे लिहिलाय तो तिथला एक मंगळवार. आलेल्या माणसांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. गाव, वय, व्यवसाय बदललेत, कुठे दोघांच्या गोष्टी एकत्र केल्यात. जे घडलं त्याचा अर्थ मात्र बदललेला नाही.

सकाळी सव्वासहा

रंकाळ्याची फेरी संपवून बाकावर बसले आणि फोन उघडला. रात्री अकराला आलेला एक निरोप होता. "मॅडम, या गुरुवारी येत नाही. बराच फरक पडलाय. तुमचे खूप आभार."

हे गृहस्थ तीनदा येऊन गेले होते. मी काहीही म्हटलं की मान डोलवायचे. "अगदी बरोबर मॅडम." "हो, तसंच आहे." "करतो, नक्की करतो." तिन्ही वेळा मी समाधानानं घरी गेले होते. आता तो निरोप पुन्हा वाचताना पोटात काहीतरी हललं. बरं वाटलेला माणूस जाताना काहीतरी सांगून जातो. झोप लागायला लागली, परवा भावाशी बोललो, असं काहीतरी. नुसतं 'बराच फरक' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दार हळूच ओढून घेत असतो.

आपल्याकडे डॉक्टर, मास्तर, साहेब यांच्यासमोर 'नाही' म्हणायची रीत नाही. ऐकून घ्यायचं, हो म्हणायचं आणि पटलं नाही तर परत यायचं नाही. मानसोपचाराचं काम मात्र त्या न बोललेल्या 'नाही'वरच अडतं. उत्तर काय लिहावं ते सुचेना. फोन ठेवला.

पावणेनऊ

खोली उघडून आधी खुर्च्या पाहते. दोन्ही सारख्या उंचीच्या, सारख्या गादीच्या. मध्ये टेबल नाही. दोघांनाही दिसेल अशा भिंतीवर घड्याळ. पन्नास मिनिटं किती उरली हे माझ्याइतकंच समोरच्यालाही कळायला हवं. बाजूला पाण्याचा तांब्या, कागद, दोन पेनं. दोन, कारण कागदावर नेहमी मीच लिहायचं नसतं.

येणाऱ्यांना काय म्हणायचं, हा प्रश्न जुना आहे. १९४२ साली कार्ल रॉजर्स यांनी आपल्या समुपदेशनावरच्या पुस्तकात 'पेशंट'च्या जागी 'क्लायंट' म्हटलं. मराठी पाठ्यपुस्तकांत 'सल्लार्थी' असा शब्द आहे. तो मला खटकतो. सल्ला मागणारा म्हटलं की देणारी मी, घेणारा तो, असं नातं आधीच ठरून जातं. मी 'क्लायंट' म्हणते. समोर बसल्यावर नावानं, नाहीतर काका, मावशी.

आज चार जण आहेत. प्रत्येकाच्या वहीच्या पानावर मी सकाळी एक प्रश्न लिहून ठेवते, मला न कळलेल्या गोष्टीचा. आज जुन्या तिघांच्या पानांवर एकच लिहिला: यांनी मला शेवटचं 'नाही' कधी म्हटलं?

साडेनऊ

पहिले नवे आहेत. कागलकडचे ऊस शेतकरी, पन्नाशीचे. बायको सोबत आलीय, ती बाहेर बसली. दोन महिन्यांत तीनदा छातीत धडधड, घाम, जीव जातोय असं वाटणं. तिन्ही वेळा रात्री दवाखाना गाठला, तिन्ही वेळा ईसीजी चांगला. डॉक्टरांनी इकडे पाठवलं. हातात रिपोर्टांची पिशवी घट्ट धरलेली.

आधी कामाच्या अटी सांगते. इथलं बोलणं इथंच राहील, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर मात्र मला इतरांना सांगावं लागेल, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच सांगेन. रात्री-अपरात्री मी फोनवर नसते. त्या वेळी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फी किती, किती वेळा यावं लागेल, सुट्टी कधी, हे सगळं. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "त्ये सगळं ठीक हाय. आता काय करायचं त्ये सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो."

हे वाक्य मी रोज ऐकते. त्यात विश्वास आहे आणि तो मोलाचा आहे. पण काम मला एकटीला करता येत नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. मी विचारलं, "बरं वाटलं हे तुम्हाला कशावरनं कळेल?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मोटरसायकल घिऊन एकट्यानं बाजारला जाईन तवा." दोन महिने ते एकटे बाहेर पडलेले नाहीत. रस्त्यात काही झालं तर?

मी 'चिंता कमी करणे' असं लिहिणार होते. त्यांनी दिलेलं उद्दिष्ट कितीतरी पक्कं होतं. ते लिहिलं. मग धडधड सुरू होते तेव्हा काय काय होतं ते क्रमानं सांगायला लावलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. छातीत धडधड. मग मनात 'अटॅक आला'. मग भीती. भीतीनं आणखी धडधड. त्यांनी बाण काढला, तो फिरून पहिल्या शब्दाकडे गेला. ते कागदाकडे बघत राहिले.

"रहाट हाय की हा."

इथे मला माहीत असलेलं मी स्पष्ट सांगितलं. घाबरल्यावर शरीर पळायच्या तयारीला लागतं, म्हणून हृदय जोरात चालतं. ही लाट बहुधा दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. हृदय तपासून झालंय आणि ते चांगलं आहे. बरोबरीनं काम करायचं म्हणजे मी गप्प बसायचं, असं नाही. शरीराबद्दलचं माझं शिक्षण मी आणायचं. त्यांच्या आयुष्याबद्दलचं त्यांचं ज्ञान त्यांनी आणायचं. ते ज्ञान माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

जाता जाता म्हणाले, "म्हंजे ह्ये पैऱ्यानं करायचं काम हाय." आमच्या भागात भांगलण, पेरणी पैऱ्यानं होते. आज चार जण माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या रानात. पैसे नाहीत, हाताला हात. मला शब्द इतका आवडला की मी लगेच हो म्हटलं.

दारात थांबून त्यांनी विचारलं, "पर मग मॅडम, तुमचं रान कुठं हाय?"

मी हसून "पुढच्या वेळी बोलू" म्हणाले. हे उत्तर नव्हतं, हे तेव्हाच कळलं.

अकरा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, पाचवं सेशन. दोनदा पूर्वपरीक्षा हुकलीय. तिनं वही आणलीय, रकाने आखलेले: प्रसंग, विचार, भावना, पर्यायी विचार. सगळे भरलेले, अक्षर सुंदर.

"मॅडम, 'मी नापास झाले तर संपलं' हा माझा अविवेकी विचार आहे. बरोबर ना?"

विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी माणसाला परका नाही. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी इथे रुजवली. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लिखाणातून आणि ठाण्याच्या त्यांच्या संस्थेतून ती घराघरांत पोचली. तिनं ते वाचलंय आणि तिला ते कळलंयही. पण मी वही उलटताना पाहिलं, सगळी पानं एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली होती.

मी विचारलं, "ही कधी लिहिलीस?"

ती लाल झाली. "काल रात्री. तुम्हाला दाखवायची होती ना."

अभ्यासाच्या ओझ्यानं दमलेल्या मुलीला मी आणखी एक गृहपाठ दिला होता आणि तिनं परीक्षेत द्यावीत तशी उत्तरं लिहून आणली होती. चूक माझी होती, आणि मी तसं म्हटलं. "हा तक्ता मी ठरवला होता. तुला तो उपयोगी वाटला होता का?"

एक क्षण ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "नाही मॅडम. तसं नाहीये ते. मला नापास व्हायची भीती नाहीये. मला पास व्हायची भीती आहे."

आजचं पहिलं 'नाही'. चार आठवडे आम्ही भलत्याच दारावर थाप मारत होतो. पास झाली तर नेमणूक कुठेही होणार, आजारी आईला सोडून जावं लागणार. घरात हे बोलायची सोय नाही, कारण आईचं स्वप्नच ते आहे.

ॲरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये नैराश्यावरच्या उपचाराचं पुस्तक लिहिलं. त्यात या कामाची एक बैठक सांगितलीय: दोघांनी संशोधकांसारखं शेजारी बसायचं, विचाराला गृहीतक मानायचं आणि ते खरं का खोटं हे मिळून तपासायचं. कुणी कुणाला पटवून द्यायचं नाही. चार आठवडे मी पटवून देत होते आणि ती पटल्यासारखं करत होती.

तक्ता बाजूला ठेवला. 'गृहपाठ' हा शब्दही आम्ही काढून टाकला. आता 'प्रयोग' म्हणायचं, आणि प्रयोग फसला तरी माहिती मिळते. या आठवड्याचा प्रयोग तिनंच सुचवला: आईला एकच प्रश्न विचारायचा, 'मी लांब गेले तर तू काय करशील?' विचारायचं धाडस झालं नाही, तर का झालं नाही तेवढं लिहून आणायचं.

जाण्यापूर्वी, जगणं नकोसं वाटतं का, हे मी सरळ विचारलं. आधीही विचारलं होतं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ती कल्पना शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. तिनं "नाही" म्हटलं. हे 'नाही' वेगळं होतं, पण तेही मी तिच्या डोळ्यांत बघून ऐकलं.

सव्वाबारा

नोंदी. तक्रार कोणती, काय बोललो, काय ठरलं, पुढे काय. अलीकडे एक ओळ वाढवलीय: आज मी कुठे चुकले आणि ते कुणाच्या लक्षात आलं.

मग दुपारच्या क्लायंटच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन. तिची लेखी परवानगी आहे. गोळ्यांनी सकाळी ग्लानी येते म्हणून ती मधूनच बंद करते, पण डॉक्टरांना सांगायला संकोचते. मी तिच्या वतीनं बोलत नाही. एवढंच विचारते, की तिनं स्वतः हे सांगितलं तर गोळ्यांची वेळ बदलता येईल का. "अवश्य, तिला बोलू दे." गोळ्या घेणाऱ्या माणसालाही हेच लागू आहे. न पटलेली गोळी ड्रॉवरमध्येच राहते.

एक

डबा. खाताना मनात सकाळचा 'तुम्ही सांगाल तसं' घोळत होता.

१९७३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी मांडलं, की भारतात मानसोपचाराला गुरू-चेल्याच्या नात्याचा नमुना जवळचा ठरेल. पाश्चात्त्य उपचारपद्धतीत माणसाला स्वतंत्र करणं हे मोठं मूल्य. आपल्याकडे कुणावर तरी विसंबणं हे नात्याचंच अंग असतं. शिकत असताना मला हे मागासलेलं वाटायचं. आता त्यातलं अर्धं खरं वाटतं. दोन एसट्या बदलून आलेल्या माणसाला 'तुमचं उत्तर तुमच्यातच आहे' असं सांगून परत पाठवणं बरोबरीचं नाही. ती त्याची फसवणूक आहे. सल्ला न देणं हीसुद्धा कधीकधी दडपशाही होते.

दुसरं अर्धं मात्र मला आजही मान्य नाही. गुरूला चेला 'तुमचं चुकलं' असं सहज म्हणत नाही. माझ्या खोलीत ते म्हणता आलं पाहिजे, कारण मी चुकते, आणि माझी चूक फक्त समोरच्यालाच दिसू शकते. म्हणून मानाची खुर्ची मी झिडकारत नाही. तिचा उपयोग करून सांगते, की इथे माझं म्हणणं खोडून काढायची मुभा आहे. पहिल्या दिवशी सांगते, पाचव्या दिवशी पुन्हा सांगते. एकदा सांगून कुणाचाच विश्वास बसत नाही.

दोन

गोळ्यांच्या ग्लानीबद्दल बोलायचं होतं ती हीच, सत्तावीस वर्षांची. गडहिंग्लजहून वडील घेऊन येतात. ते पूर्ण वेळ बाहेर, पिशवी मांडीवर घेऊन, ताठ बसलेले असतात. डॉक्टरांशी स्वतः बोलायचं तिनं कबूल केलं. काय बोलायचं ते दोन ओळींत लिहून काढलं आणि एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. आवाज थरथरला, पण दुसऱ्यांदा कमी.

उरलेला वेळ वडिलांवर गेला. दर वेळी ते मला जिन्यात गाठून विचारतात, "काय म्हणाली ती?" लग्नाचं बघताहेत. मुलगी सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय मी काही सांगू शकत नाही. पण नुसतं 'गोपनीय आहे' म्हणून बापाला परतवलं, तर पुढच्या महिन्यात तिची एसटीच बंद होईल. आपल्याकडे क्लायंट एकटा क्वचित येतो. घर त्याच्या पाठोपाठ जिना चढतं.

आम्ही दोघींनी मिळून यादी केली. वडिलांना काय सांगायचं: आजाराचं नाव, गोळ्या मध्येच थांबवायच्या नाहीत, सहा महिने लग्नाची घाई नको. काय सांगायचं नाही: बाकी सगळं. कोण सांगणार? "तुम्हीच सांगा," ती म्हणाली. मग थांबून, "नको. मी सांगते, तुम्ही शेजारी बसा."

शेवटची दहा मिनिटं वडील आत आले. तिनं तिन्ही गोष्टी सांगितल्या. ते माझ्याकडे बघत होते. मी तिच्याकडे बघत राहिले, म्हणून शेवटी तेही तिच्याकडे बघू लागले. सहा महिन्यांच्या मुद्द्यावर त्यांचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाले. हे 'बरं' पटलेलं नाही, हे तिघांनाही कळलं होतं. पण आता ते आमच्या तिघांच्यात उघडं पडलं होतं आणि त्यावर पुढे बोलता येणार होतं.

साडेतीन

इचलकरंजीच्या मावशी. साठीला आलेल्या. नवरा जाऊन चौदा महिने झालेत. आठ यंत्रमागांचा छोटा कारखाना घरामागेच. नवरा गेल्यावर तो पुतण्याला चालवायला दिला, शेडला कुलूप लावून माग त्यानं आपल्या जागेत नेले. मावशी अंथरुणातून उठेनाशा झाल्या, जेवण तुटलं. आज नववं सेशन.

प्रत्येक सेशनच्या शेवटी मी चार रेघांचा एक कागद देते. प्रत्येक रेघ दहा सेंटिमीटरची. माझं म्हणणं ऐकून घेतलं का, ज्यावर बोलायचं होतं त्यावर बोललो का, पद्धत मानवली का आणि एकूण सेशन कसं झालं. जिथे वाटेल तिथे खूण करायची. स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला हा साधा कागद आहे. एकूण चाळीस. छत्तीसच्या खाली गेलं की थांबून विचारायचं. मावशींच्या खुणा आठही वेळा अगदी उजव्या टोकाला. चाळीसपैकी चाळीस.

आज मी सकाळपासून त्या गुरुवारच्या गृहस्थांच्या 'हो'वर विचार करत होते. म्हणून कागद शेवटी न देता सुरुवातीलाच दिला. म्हटलं, "मावशी, ही मागच्या आठवड्याची भरा. सगळ्यात चांगली भरायची नाही. खरी भरायची. खालच्या खुणेचा मला जास्त उपयोग होतो."

त्यांनी पेन हातात धरलं आणि बराच वेळ खाली टेकवलं नाही. मग पहिल्या रेघेच्या मध्यावर एक खूण केली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागल्या वेळी मी रागावलो हुतो तुमच्यावर."

आमच्याकडच्या बायका बोलताना 'आलो', 'गेलो', 'रागावलो' म्हणतात. त्या एका शब्दात नऊ आठवड्यांतला सगळ्यात खरा आवाज होता.

"कशामुळं?"

"तुम्ही म्हणाला, हळूहळू सवय हुईल. मला सवय नको हाय."

माझ्या नोंदीत ते वाक्य नव्हतं. मला ते आठवतही नव्हतं. बोलण्याच्या ओघात, धीर द्यायला म्हणून निघून गेलेलं असणार. त्या मात्र ते आठ दिवस उराशी घेऊन बसल्या होत्या.

अशा वेळी खुलासा करायची उबळ येते. 'माझा तसा अर्थ नव्हता' हे वाक्य अगदी जिभेवर असतं. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर मुरान यांनी उपचारातल्या अशा तुटण्यांचा आणि सांधण्यांचा बराच अभ्यास केला. माणूस दोन प्रकारे दुरावतो, असं त्यांनी दाखवलं. एक उघड भांडतो, दुसरा मागे सरतो. मागे सरणारा हो म्हणतो, हसतो, चाळीसपैकी चाळीस देतो. दुरावा नजरेला आल्यावर त्यावर उघड बोलणं हेच उपचाराचं काम होऊन जातं.

मी म्हटलं, "ते माझं चुकलं. बरं झालं सांगितलंत. सवय नको म्हणजे काय हवंय?"

त्या बोलत गेल्या. चाळीस वर्षं मागांच्या खटखटीत झोपल्या. नवरा आजारी असताना तोच आवाज, तो गेला त्या पहाटेही शेजारच्या शेडमध्ये माग चालूच होते. आता घर गप्प आहे. मी त्यांना सकाळी फिरायला जायला सांगितलं होतं, बागेत, शांत हवेत. त्या जात होत्या, कारण मॅडमनी सांगितलं होतं. "शांत बसवत न्हाई मला. ती शांतताच खाती मला. आन् तुम्ही मला आनखी शांततेत पाठवलासा."

नैराश्यातल्या माणसाला पुन्हा कामाला जोडणं हा चांगला आधार असलेला उपचार आहे. गोव्यात 'संगत' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो करून दाखवला. मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक सहा ते आठ भेटींत हा उपचार देत होते आणि लोकांना बरं वाटत होतं. त्या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पण 'कामाला जोडणं' यातलं काम कोणतं, हे त्या माणसाच्या आयुष्यातूनच यावं लागतं. मी पुस्तकातली बाग उचलली होती. मावशींची जागा शेड होती.

"पुतण्याच्या कारखान्यात गेलात तर?"

"जाऊन काय करू?"

"मला ठाऊक नाही. तुम्हाला काय येतं?"

त्या ताठ झाल्या. "काय येतं? तुटलेला धागा आवाजावरनं वळखतो मी. कुठला माग अडलाय त्ये इथनं सांगीन." आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा, मागितल्याशिवाय, त्या दहा मिनिटं कामाबद्दल बोलल्या.

ठरलं: रोज सकाळी अर्धा तास पुतण्याच्या शेडमध्ये. पाहुणी म्हणून नाही. हिशेबाची वही तपासायला, मालकीण म्हणून. पुतण्याला त्या स्वतः सांगणार. आणि नवऱ्याची आठवण आली, तर ती येऊ द्यायची. उद्दिष्टही आम्ही बदलून लिहिलं. 'दुःखातून बाहेर येणे' खोडलं. मावशींनी सांगितलेलं लिहिलं: 'त्यांच्यासकट जगणं'.

जाताना त्यांनी आजच्या कागदावर खुणा केल्या. बेरीज चौतीस. नऊ आठवड्यांतला सगळ्यात कमी आकडा, आणि मला सगळ्यात भरवशाचा वाटला तो हाच.

सहा

सुपरव्हिजन. दर मंगळवारी आम्ही तिघी आणि एक ज्येष्ठ बाई पडद्यावर भेटतो. क्लायंटच्या लेखी परवानगीनं केलेलं ध्वनिमुद्रण एकमेकींना ऐकवतो. गोव्यातल्या त्या समुपदेशकांच्या कामातही एकमेकांची ध्वनिमुद्रणं ऐकून गुण देण्याची पद्धत होती. मला ती फार प्रामाणिक वाटते.

आज माझी पाळी. गुरुवारच्या गृहस्थांचं दुसरं सेशन लावलं. चौथ्या मिनिटाला बाईंनी थांबवलं. "त्यांनी आत्ता श्वास घेतला, ऐकलास? काहीतरी सांगणार होते. तू वाक्य पूर्ण केलंस त्यांचं."

पुन्हा लावलं. खरंच. ते म्हणतात, "म्हणजे तसं बघायला गेलं तर..." आणि मी म्हणते, "...तुम्हाला राग येतो." ते म्हणतात, "हो. अगदी बरोबर." वीस मिनिटांत असं पाच वेळा झालं होतं. ते पाचही वेळा 'हो' म्हणाले होते.

१९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी उपचारातल्या भागीदारीचे तीन धागे सांगितले: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांतला जिव्हाळा. २०१८ मध्ये ख्रिस्टोफ फ्लूकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास, तीस हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली. उपचारपद्धती कोणतीही असो, भागीदारी चांगली तर निकाल चांगला, हा संबंध टिकून राहिला. तो मध्यम आहे, सगळं काही त्यावरच ठरत नाही. पण सातत्यानं दिसतो. या गृहस्थांशी माझा जिव्हाळा होता. बाकीचे दोन धागे मी एकटीनंच विणले होते.

"एक लक्षात ठेव," बाई म्हणाल्या. "कोण बिघडत चाललंय हे ओळखण्यात आपण थेरपिस्ट फार कच्चे असतो. अभ्यास हेच सांगतात. म्हणून नुसत्या अंदाजावर राहायचं नाही. विचारायचं."

साडेसात

खोलीत एकटी बसून निरोप लिहिला. तीनदा खोडला. पहिल्यात मी त्यांना परत बोलवत होते. दुसऱ्यात स्वतःचा बचाव करत होते. शेवटी हा पाठवला:

"तुमचा निरोप मिळाला. बरं वाटत असेल तर आनंदच आहे. पण आपलं सेशन मी आज पुन्हा ऐकलं आणि लक्षात आलं, की तुम्ही काही सांगायला लागलात की मी मध्येच बोलले. ते राहून गेलेलं ऐकायला मला आवडेल. यायचं नसेल तर दोन ओळींत लिहिलंत तरी चालेल, आणि काहीच नको असेल तर तेही चालेल. दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर मी नावं सुचवीन."

दोन्ही खुर्च्या सरळ केल्या, दिवा मालवला.

रात्री दहा

उत्तर आलेलं नाही. कदाचित येणारही नाही. ते न येणं हाही त्यांचा अधिकार आहे, आणि त्यातून मी काय शिकायचं ते त्यांच्या येण्यावर अवलंबून नाही.

उद्याची वही काढली. आधी मावशींचं पान: 'वाक्य पूर्ण करू नकोस. आवाजावरनं ओळख.' मग त्या मुलीचं, मग गडहिंग्लजचं. शेवटी सकाळच्या काकांचं. 'पुढच्या वेळी बोलू' म्हणून मी तो प्रश्न टाळला होता. त्यांनी मला प्रश्न विचारला, पहिल्याच दिवशी, आणि मीच दार ओढून घेतलं.

माझं रान आहे. आज तिथे मावशींनी भांगलण केली. 'सवय होईल' हे वाक्य माझ्याकडून पुन्हा कुणा विधवेला जाणार नाही. त्या मुलीनं एक तण उपटलं, त्या गृहस्थांनी न बोलता एक. मला फी मिळते, म्हणून हा पैरा तंतोतंत पैरा नाही, हेही काकांना सांगायला हवं. पण आज मला दाखवलेली चूक मी उद्या दुसऱ्या कुणाच्या रानात घेऊन जाणार नाही, एवढा हात तरी फिरतो.

पान उलटून वर लिहिलं: सुरुवात त्यांच्या प्रश्नानं. आधी उत्तर द्यायचं, मग त्यांना पटतं का ते विचारायचं.